पाऊण पेला

आमच्या वर्कशॉपात इंजिन पास की नापास हे पाण्याचा पेला ठरवतो. इंजिन स्टँडवर चढवायचं, चालू करायचं, चांगलं गरम होऊ द्यायचं, मग एअर फिल्टरच्या सपाट झाकणावर स्टीलचा पेला ठेवायचा, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला तर इंजिन पुन्हा खाली. नाही सांडला तर बाबा शर्टाच्या खिशातून छोटा पंच काढतात आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, कोपऱ्यात एक ठिपका ठोकतात. तिळाएवढा. बेचाळीस वर्षांत त्या ठिपक्याशिवाय एकही इंजिन आमच्या दारातून बाहेर गेलेलं नाही, आणि हे बाबा येईल त्याला सांगतात, पत्ता विचारायला आलेल्यालाही.

पेला मूळचा आईच्या स्वयंपाकघरातला. ती अजूनही तो परत मागते.

खाली वर्कशॉप, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या, असं आमचं घर. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून सकाळचा चहा बाबाच करतात आणि चौदा पायऱ्या चढून तिला वर नेऊन देतात. कप गळ्यापर्यंत भरायची त्यांची सवय. मी पलीकडच्या गल्लीत राहते, पण सकाळी आठपासून इथेच असते. सिलिंडरची भोकं तासणारं बोअरिंग मशीन आणि लेथ माझ्याकडे, जुळणी बाबांकडे. मी एकेचाळीस वर्षांची आणि ते एकाहत्तरचे, तरी गिऱ्हाईक आलं की "पोरीला विचारतो" म्हणतात, आणि मला न विचारताच उत्तर देऊन मोकळे होतात.

तर या ठिपक्यावर गदा आली ती एका सहा सिलिंडरच्या इंजिनामुळे.

ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मग पुढचं सोपं जाईल. चार सिलिंडर बहुतेक एका ओळीत उभे असतात. जास्त झाले की इंजिन लांबलचक होतं आणि गाडीच्या नाकात मावत नाही. मग दोन ओळी करतात आणि त्या खाली जोडून वर फाकवतात. समोरून बघितलं की इंग्रजी व्ही दिसतो. त्या दोन ओळींमधला कोन किती, यावरून पुढे सगळं रामायण घडलं. पण आमच्याकडे तो कोन कधी कुणी मोजलाच नव्हता. का मोजायचा? कोन कंपनीत ठरतो आणि लोखंडात ओतून येतो. आपण दुरुस्ती करणारी माणसं, आपण फार तर भोकं मोठी करणार. आणि आमच्याकडे येणारी व्ही इंजिनं आजवर सगळी आठ सिलिंडरची होती, काटकोनात फाकलेली, नव्वद अंशांची. बाबांनी अशी आठाची इंजिनं इतकी बांधलीत की डोळे बांधले तरी बांधतील.

सहाचं हे इंजिन दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. एका पेशंटने परदेशी जाताना जुनी गाडी विकायला काढली, ती त्यांनी घेतली आणि इंजिन खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवलं. दर बुधवारी दवाखाना बंद असला की येऊन बसायच्या. कशालाही हात लावायच्या, पण लावलेली वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, म्हणून बाबांनी चालवून घेतलं.

बाबांनी ब्लॉक उलटासुलटा करून बघितला. "आठाचाच धाकटा भाऊ आहे. दोन सिलिंडर कमी, बाकी सगळं तेच."

मीही बघितलं होतं. कोन तसाच काटकोनासारखा. खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, तीन पिना, आणि प्रत्येक पिनेवर समोरासमोरच्या सिलिंडरांचे दोन रॉड शेजारी शेजारी बसलेले. आठात अशा चार पिना असतात. मला तर तिथे शंका घेण्यासारखं काहीच दिसलं नाही. हे मी आताच सांगून ठेवते, नाहीतर सगळं बाबांच्या माथ्यावर जाईल.

एकच गोष्ट बाबांना खटकली, ती डिस्ट्रिब्युटरमध्ये. डिस्ट्रिब्युटर म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा डबा. त्याच्या आत एक दांडा फिरतो, दांड्यावर कॅम नावाचा कोपरे असलेला तुकडा असतो, आणि प्रत्येक कोपरा आला की एक स्पार्क उडतो. सहा सिलिंडर म्हणून सहा कोपरे. पण या कॅमचे कोपरे सारख्या अंतरावर नव्हते. दोन जवळ, मग मोठी फट, पुन्हा दोन जवळ.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कॅम डोळ्याशी धरला. "पार चावून टाकलाय. बेचाळीस वर्षांत असा झिजलेला कॅम नाही बघितला." आणि तो डबा झाकणासकट भंगाराच्या पत्र्याच्या पिंपात गेला. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा नवा डिस्ट्रिब्युटर मागवला. सहा कोपरे, सहा सारख्या फटी. इंजिनात असा बसला की जणू त्याच्यासाठीच केलेला.

तीन आठवड्यांनी इंजिन चालू केलं. पेला झाकणावर ठेवल्याठेवल्या चालायला लागला आणि चार पावलं जाऊन खाली पडला. इंजिन थडथडत होतं, खोकत होतं, आणि उजव्या बाजूचा एक्झॉस्ट पाइप बघता बघता लालसर झाला. बाबांनी बंद केलं आणि पाने घेतले.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा पिस्टन एकेक करून तराजूवर ठेवले. दुसऱ्यांदा रॉड. तिसऱ्यांदा क्रँक माझ्या लेथवर चढवून पावणेदोन तास फिरवून बघितला, केसाचाही फरक नव्हता. तिन्ही वेळा बांधलं आणि तिन्ही वेळा पेला खाली. स्पार्कचं टायमिंग पुढेमागे करून बघितलं तर एक बाजू सुधारायची आणि दुसरी बिघडायची.

रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "हात गेला माझा."

"कुठे गेला?" आई म्हणाली. "ताटातच तर आहे."

"थट्टा नाही. मीच उघडलं, मीच बांधलं, तीनदा. माल चोख आहे, पोरीचं मापही चोख आहे. राहिलं कोण?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पलीकडच्या गावातला तो वर्कशॉपवाला आपलं बोअरिंग मशीन विकत मागत होता ना? त्याला गुरुवारी ये म्हणून सांगितलंय. डॉक्टरीणबाईंना त्यांचे पैसे आणि खोकी परत देऊ. मानाने थांबलेलं बरं."

मशीन गेलं की वर्कशॉप गेलं. माझं काम गेलं असतं हे खरं, पण काम मला दुसरीकडेही मिळालं असतं. मला बघवत नव्हतं ते वेगळंच. जेवण झाल्यावरही ते दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले होते, घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे. या माणसाने मला पाना धरायला शिकवला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही आणि सोमवार-मंगळवार मी सगळ्यांवर खेकसत होते.

बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या. बाबा वर पडून होते, भर सकाळी, जन्मात पहिल्यांदा. मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. पिंपात वाकून त्यांनी तो जुना डिस्ट्रिब्युटर उचलला, झाकण काढलं आणि आत बघत राहिल्या.

"हा का फेकला?"

"झिजलाय. कॅम चावलाय पार."

"झिजलेला नाहीये हा."

मी हातातलं काम सोडलं नाही. "बाई, बाबा हेच करत आलेत आयुष्यभर."

"मीही झीजच बघत आलेय, वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "झीज अशी शिस्तीत नसते हो. माणूस एका बाजूने चावतो, त्या बाजूच्या दाढा बसक्या होतात, कडा बोथट होतात. इथे कडा बघा. सहाच्या सहा सारख्या उंच, सारख्या टोकदार. फक्त अंतरं कमीजास्त आहेत, आणि तीही एकाआड एक. झिजून असं होत नाही. हे कुणीतरी मुद्दाम असं घडवलंय."

मला राग आला. दात उपटणाऱ्या बाईने येऊन आम्हाला कॅम शिकवावा याचा आला, आणि त्याहून जास्त याचा की मी तो कॅम हातातही घेतला नव्हता. बाबांनी झिजलाय म्हटलं आणि मी मान डोलावली होती. मी तो घेतला, दिव्याखाली धरला. कडांवर बोट फिरवलं. बाई खरं बोलत होत्या.

कपाटातून कोनमापक काढलं. कॅमच्या फटी मोजल्या. पंचेचाळीस. पंचाहत्तर. पंचेचाळीस. पंचाहत्तर. एका अंशाचाही गोंधळ नाही. मग इंजिनाशी गेले आणि बेचाळीस वर्षांत आमच्याकडे कुणी केलं नव्हतं ते केलं. दोन ओळींमधला कोन मोजला. नव्वद.

खडू घेऊन फरशीवर बसले. डॉक्टरीणबाई शेजारी उकिडव्या.

"सगळे सिलिंडर एकदा पेटायला क्रँकचे दोन फेरे लागतात," मी त्यांना सांगत होते, म्हणजे खरं तर मलाच. "दोन फेरे म्हणजे सातशेवीस अंश. आठ सिलिंडर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती?"

"नव्वद."

"आणि कोन नव्वद. म्हणून आठ गुळगुळीत चालतो. एका पिनेवरचा डावा पेटला की नव्वद अंशांनी उजवा वर येतो, बरोबर वेळेवर. आता सहा असले तर?"

"एकशेवीस."

"पण कोन नव्वदच आहे. उजवा नव्वदलाच वर येणार, त्याला एकशेवीसपर्यंत थांबता येत नाही. मग पुढची पिन दीडशेवर. नव्वद, दीडशे, नव्वद, दीडशे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो." मी खडूने निम्मं केलं. पंचेचाळीस, पंचाहत्तर. जुना कॅम फरशीवर आकड्यांच्या शेजारी ठेवला. तेच आकडे.

हे इंजिन जन्मतःच लंगडत चालणारं होतं. कंपनीकडे आठाची यंत्रं नव्वदला लावून ठेवलेली असणार, ती हलवायचा कंटाळा केला असणार, आणि आठातले दोन कापून सहा केला असणार. हा माझा अंदाज. पण माझंच बोअरिंग मशीन एका कोनातून दुसऱ्यात न्यायला अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांचा कंटाळा मला समजतो. आणि त्या लंगड्या पावलांना जुळणारा लंगडा कॅम त्यांनी घडवला होता. पुढच्या मॉडेलमध्ये पिनाच सरकवून ही खोड काढली असणार, म्हणून त्याचा डिस्ट्रिब्युटर सारख्या फटींचा. तो आम्ही इथे बसवला. मग एक ओळ वेळेवर पेटायची आणि दुसरी तीस अंश उशिरा. उजवा पाइप लाल का व्हायचा, तेही कळलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी जुना डिस्ट्रिब्युटर पुसला, त्यातले स्पार्कचे पॉइंट घासले, बसवला. मग चावीशी हात नेला आणि थांबले. बाबांना काय सांगायचं? एखादी वायर सैल होती म्हणावं, चौथ्या खेपेला तुमचंच काम चाललं म्हणावं, आणि विषय मिटवावा, असं मनात आलं. नाहीतर तोंडावर सांगावं लागणार होतं की तुम्ही अख्ख्या इंजिनातला एकमेव बरोबर तुकडा उचलून भंगारात टाकलात.

"काय विचार चाललाय ते कळतंय मला," आई म्हणाली. "खोटं सांगू नकोस. तुझा चेहरा खोटं बोलायच्या कामाचा नाही."

बाबांना खाली बोलावलं. ते मळक्या बनियनवरच आले, केस विस्कटलेले. मी कॅम त्यांच्या हातात ठेवला आणि फरशीवरचं गणित पहिल्यापासून सांगितलं. ते वाकले, मग बसले, मग चष्मा मागितला. दोनदा खडू माझ्या हातातून घेऊन स्वतः भागाकार केला. मी बोलायची थांबले तरी ते बघतच होते.

"म्हणजे बरोबर होतं ते मी फेकलं."

"हो."

"आणि चुकीचं होतं ते बसवलं."

"हो."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी तुम्हाला हो म्हणत होते."

त्यांनी कॅम तळहातावर एकदा फिरवला. मला वाटलं, आता उठून वर जातील. ते हसायला लागले, आधी नाकातून, मग पोट हलेपर्यंत. "म्हणजे हात गेला नाही. अक्कल कमी पडली होय."

"तसंच काहीसं."

"मग हरकत नाही. हात गेला तर गेला. अक्कल काय, शिकता येते." आणि गुडघ्यावर हात रेटून उठले.

इंजिन त्यांनीच चालू केलं. पहिल्या फटक्यात लागलं. खोकणं नाही, थडथड नाही, उजवा पाइप डाव्यासारखाच काळा. पण चाल आठासारखी नव्हती. लांब पाऊल, आखूड पाऊल, लांब, आखूड, जिन्यावरून कुणी एक पाय जपत उतरावं तशी. बाबा कान लावून ऐकत राहिले. इंजिन तापलं. मी पेला भरला, काठोकाठ, आणि झाकणावर ठेवला.

पेला जागचा हलला नाही. पण पाणी थरथरलं आणि एक थेंब काठावरून ओघळला. मग दुसरा.

थेंब सांडला तर इंजिन खाली, हा नियम बाबांचाच, आणि तो त्यांनी स्वतःच्या भावाच्या गाडीसाठीही मोडला नव्हता. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाबांकडे बघत होते. पंच त्यांच्या खिशात नव्हता, बनियनला खिसा कुठला. आता सगळं पुन्हा पहिल्या पानावर जाणार असं वाटलं.

बाबांनी पेला उचलला. वरचं पाणी पिऊन टाकलं, मोजून दोन घोट, आणि पेला परत झाकणावर ठेवला. पाणी आत नाचत राहिलं, लांब आखूड, लांब आखूड, पण काठाच्या खाली.

"आठाला काठोकाठ," ते म्हणाले. "याला पाऊण. जो जसा जन्माला आलाय तसा त्याला नियम. लिहून ठेव कुठेतरी."

मी खडूने भिंतीवर लिहिलं. ते वर जाऊन शर्ट घालून आले, बटणं नीट लावलेली, खिशात पंच. इंजिन बंद केलं, ब्लॉकचा कोपरा फडक्याने पुसला आणि एका ठोक्यात ठिपका उठवला. मी वाकून बघितला. गोल, बारीक, मधोमध.

"त्या मशीनवाल्याला फोन कर," ते मला म्हणाले. "उद्या येऊ नको म्हणावं."

"तो येणार नाहीये," आई म्हणाली. ती पेला घ्यायला पुढे आली होती. "त्याला मी सोमवारीच नको म्हणून कळवलं."

बाबांनी पंच पुसता पुसता वर बघितलं. "सोमवारी? सोमवारी तुला काय माहीत होतं, हे इंजिन लागेल म्हणून?"

"इंजिनातलं मला काय कळतंय." तिने पेल्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं. "रोज सकाळी गळ्यापर्यंत भरलेला कप घेऊन तुम्ही चौदा पायऱ्या चढता. सोमवारीही चढलात. मी बशी बघितली, कोरडी होती. हात गेला म्हणे."

पंच खिशात ठेवायला बाबांना जरा वेळ लागला. पेला मात्र तिने त्या दिवशी परत दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही.